मोबाइलला लावायची १०० एमएमची मॅक्रो लेन्स: वांद्र्याच्या खडकांवर, लिजियासाठी

मोबाइलला चिमट्याने अडकवायची मॅक्रो लेन्स घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला किती एक्स, म्हणजे किती पट मोठं दिसतं, असं विचारू नका, किती एमएम असं विचारा. या रिव्ह्यूमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नाण्याचा, अंगठीचा, फुलाच्या पाकळीचा फोटो काढायचा असेल तर कुठलीही लेन्स चालते, त्या वस्तू काही उठून पळत नाहीत. पण जिवंत, सावध, सावली पडली की सुटणारा प्राणी बघायचा असेल तर लेन्स किती मोठं करून दाखवते यापेक्षा ती किती लांबून दाखवते हे कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे, आणि मुंबईत हे तपासायला लिजियाइतका चांगला प्राणी दुसरा नाही.

लिजिया म्हणजे कोण ते आधी. मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून खाली टेट्रापॉडकडे, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांकडे बघितलंत, किंवा वांद्र्याच्या बँडस्टँडला भिंतीलगतच्या काळ्या खडकांवर उतरलात, की पायाखालून एकदम शेकडो करडे चपटे जीव सुर्रकन फटींमध्ये गायब होतात ना, ते. लोक त्यांना झुरळं म्हणतात आणि ई करून पाय वर घेतात. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं कारण झुरळाशी त्यांचं जवळचं नातं नाही, ते कीटकच नाहीत. ते कवचधारी आहेत, म्हणजे चिंबोरी आणि कोलंबीच्या घराण्यातले, आणि त्यातही आयसोपॉड नावाच्या गटातले. कुंडी उचलली की खाली जे छोटे राखाडी, बऱ्याच पायांचे, काही तर हात लावला की गोळी होणारे जीव दिसतात ते यांचे भाऊबंद. लिजियाला गोळी होता येत नाही, ती पळणाऱ्यांतली आहे, तिचा सगळा भरवसा पायांवर आणि डोळ्यांवर. पाय मोजायचे तर १४, सात जोड्या, कीटकाला फक्त तीन जोड्या असतात, एवढ्या एका गोष्टीवरून झुरळाचा वाद मिटायला हवा.

आपल्याकडे जी दिसते ती बहुतेक लिजिया एक्झॉटिका. पूर्ण वाढली की शरीर साधारण तीन सेंटिमीटर, शिवाय पुढे लांब मिशा आणि मागे दोन दुभागलेल्या काड्या. या जातीचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा १८२८ मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बंदरातून झालं, पण ती मूळची तिथली नाही, डीएनएच्या अभ्यासातून २०१८ मध्ये तिचं मूळ पूर्व आशियात असल्याचं पुढे आलं. एवढ्या लांब गेली कशी, तर जहाजांनी. आणि यात एक मजेदार गोष्ट आहे, खेकड्यांची, कालवांची पिल्लं सुरुवातीला समुद्रात तरंगत तरंगत लांब जातात, लिजियाची पिल्लं तरंगतच नाहीत. मादीच्या पोटाखाली एक पिशवी असते, अंडी तिथेच, पिल्लं तिथेच, आणि बाहेर पडतात ती थेट छोटी लिजिया बनून. त्यामुळे आपल्या आपण महासागर ओलांडणं या जीवाला फार अवघड, बंदराबंदराने तिला माणसानेच फिरवलंय.

तर लेन्स. मी फोर्टला बोरा बाजारात जाऊन, हातात घेऊन, मोबाइलला लावून बघून घेतली. हीच लेन्स वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या खोक्यांत विकली जाते, त्यामुळे ब्रँड लिहिण्यात अर्थ नाही, वर्णन लिहिते त्यावरून ओळखा. धातूची बॉडी, काच मोठी, चांगली रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, बाजूला १०० एमएम लिहिलेलं, १७ एमएमच्या आट्यांचा चिमटा, सोबत सीपीएल फिल्टर, म्हणजे चकाकी मारणारी काच, आणि कापडी पिशवी. किंमत दोनेक हजारांच्या आतबाहेर, ऑनलाइन सेल लागला की अजून खाली येते.

आता ते एमएम. १०० एमएमची लेन्स म्हणजे तिची फोकल लेंग्थ दहा सेंटिमीटर. मोबाइलचा कॅमेरा लांबच्या वस्तूवर फोकस करून बसला असेल तर ही लेन्स लावल्यावर समोरची वस्तू दहा सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते. मोबाइलने स्वतःचा फोकस जवळ आणला, समजा दहा सेंटिमीटरवर, तर वस्तू पाच सेंटिमीटरवर ठेवावी लागते. म्हणजे पाच ते दहा सेंटिमीटरचा पट्टा तुमच्या हातात आहे. स्वस्तातल्या ज्या लेन्सवर १५ एक्स, २० एक्स असलं काहीतरी छापलेलं असतं त्यांची फोकल लेंग्थ बहुतेक वेळा २५ एमएमच्या आसपास असते, म्हणजे प्राण्याच्या पाठीवर दोन-अडीच सेंटिमीटरवर जाऊन टेकायचं. आणि ते एक्सचे आकडेही कंपन्या आपापल्या मनाने लावतात, सगळ्यांनी पाळायचा असा नियम त्याला नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे १५ एक्स एकसारखे असतील असं धरूच नका. नव्या मोबाइलमध्ये जो आपोआप मॅक्रो मोड येतो तो बऱ्याचदा वाइड कॅमेऱ्यावर चालतो, त्यालाही अगदी जवळ जावं लागतं, वर मोबाइलची सावली नेमकी प्राण्यावर पडते.

लिजियाला ही सावली चालत नाही. तिचे डोळे शरीराच्या मानाने प्रचंड मोठे आहेत, डोक्याच्या दोन बाजूंना काळे टपोरे, शेकडो छोट्या भिंगांचे, आणि वरून काही हललं की ती हलते. दोन सेंटिमीटरवर मोबाइल न्यायच्या आधीच खडक रिकामा झालेला असतो. आठ सेंटिमीटरवर, हळू हळू, खडकाच्या पातळीवरून पुढे सरकत गेलं, वरून झडप घातल्यासारखं नाही, तर ती बसून राहते, आणि एकदा बसली की मग बघत राहावं असं सगळं दिसतं.

सगळ्यात आधी दिसते ती पाठ. लांबून नुसती करडी वाटणारी ही पाठ लेन्समधून बघितली की हिरवट, तपकिरी, काळपट ठिपक्यांची जाळी आहे, आणि हे ठिपके म्हणजे रंगद्रव्याच्या पेशी. त्या पेशींमधला रंग पसरला की प्राणी गडद, आकसला की फिका. लिजिया दिवसा गडद असते आणि रात्री फिकी पडते, शिवाय ज्या पृष्ठभागावर बसलीय त्याच्याकडे झुकते, हे युरोपातल्या लिजिया ओशनिका या जातीवर गेल्या शतकात बरेच प्रयोग करून दाखवलेलं आहे. मी काळ्या बेसॉल्टवर आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर दोन्हीकडे फोटो काढलेत, शेजारी शेजारी ठेवले की सिमेंटवरच्या स्पष्टच उजळ दिसतात. रात्रीचे फोटो काढायचे तर टॉर्चवर लाल जिलेटिन लावा, पांढऱ्या झोतात पांगतात, लालमध्ये माझ्या अनुभवात बऱ्याच निवांत असतात.

पण ज्याच्यासाठी ही लेन्स घ्यावी, अगदी फक्त त्याच्यासाठी घ्यावी असं मला वाटतं ती गोष्ट पायांची आहे. लिजिया जमिनीवर राहते पण श्वास घेते तो पोटाच्या मागच्या भागाखाली असलेल्या पानांसारख्या पातळ पडद्यांनी, आणि ते पडदे ओले असले तरच काम करतात. कुंडीतल्या तिच्या काही भाऊबंदांच्या त्या पडद्यांमध्ये हवा भरण्याच्या बारीक पोकळ्या तयार झाल्यात, एक प्रकारची फुप्फुसंच, म्हणून ते किनाऱ्यापासून लांब कोरड्या जागीही तग धरतात. लिजियाकडे त्या नाहीत. शिवाय तिच्या कवचातून पाणी उडूनही बरंच जातं. म्हणजे वांद्र्याच्या मे महिन्यातल्या उन्हात, तापलेल्या दगडावर, हिला सतत पाणी हवंय आणि पाण्यात उतरायचं मात्र नाहीये. मग ती काय करते, तर एका बाजूचे शेवटचे दोन पाय, सहावा आणि सातवा, एकमेकांना चिकटवते आणि त्यांची टोकं ओल्या दगडाला टेकवते. त्या दोन पायांवर अतिशय बारीक केसांसारखी आणि वल्ह्यांसारखी रचना आहे, दोन्ही पाय जुळले की मधे एक उघडी नळी तयार होते आणि समईच्या वातीतून तेल चढतं तसं पाणी आपोआप वर चढतं, थेट त्या श्वासाच्या पडद्यांपर्यंत. पंप नाही, स्नायूंचा जोर नाही, चोखणं नाही. जपानी संशोधकांनी हे याच जातीवर, लिजिया एक्झॉटिकावर उलगडून दाखवलंय आणि इंजिनिअर लोक आता त्यावरून ऊर्जा न वापरता द्रव वाहून नेणाऱ्या पृष्ठभागांचा विचार करतात.

लेन्समधून ते केस वेगवेगळे दिसत नाहीत, खोटं कशाला सांगू, त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो. पण ती पायांची जुळणी दिसते, प्राणी मागच्या बाजूने जरा खाली बसल्यासारखा होतो, दोन पाय एकत्र येतात, आणि उन्हाचा कोन बरोबर असेल तर पायांच्या कडेने एक चकाकणारी रेघ वर सरकताना दिसते. मी व्हिडिओ सेकंदाला साठ फ्रेमवर काढते आणि घरी हळू करून बघते. माझ्या भाच्याला दाखवला तर तो म्हणाला, मावशी, ही पायांनी पाणी पिते? पिते म्हणण्यापेक्षा श्वास ओला ठेवते, पण त्याचा प्रश्न मला आवडला, आणि तो व्हिडिओ त्याने वर्गात नेला.

उन्हाचंच अजून एक. आपल्याला वाटतं ऊन तापलं की हे जीव फटीत लपणार, आणि लपतातही, पण कधी कधी भर उन्हात उघड्यावर येऊन बसलेल्या दिसतात. इंग्लंडमध्ये ई. बी. एडनी नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात लिजियाचं अंगाचं तापमान मोजून दाखवलं की उघड्यावर, वारा लागला की अंगातलं पाणी उडून ती स्वतःला गार करते. दमट, कोंदट फटीत पाणी उडतच नाही, तिथे ती उलट तापू शकते. म्हणजे तीच गळकी त्वचा, जी तोटा वाटते, ती वेळेला पंख्याचं काम करते, अट एवढीच की जवळ ओल हवी. म्हणून ही कधी किनारा सोडून आत येत नाही आणि समुद्रातही कायमची जात नाही. दोन्हीच्या मधल्या त्या एका पट्ट्यात तिचा संसार आहे.

आणि याचा फोटो काढणाऱ्याला फार मोठा फायदा आहे. किनाऱ्यावरचे बाकीचे जीव बघायचे तर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण बघून, ओहोटीची वेळ काढून, शेवाळावरून घसरत घसरत पार खाली उतरावं लागतं. लिजिया भरतीच्या रेषेच्या वर राहते. भिंतीचा पायथा, पायऱ्या, भरतीचे शिंतोडे येतील एवढा वरचा खडक, तिथेच ती असते. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही बघता येईल असा हा समुद्रजीव आहे. टेट्रापॉडवर मात्र चढू नका, कितीही भारी दिसत असलं तरी, त्या ठोकळ्यांमधल्या फटी खोल असतात आणि पाय घसरला की माणूस आत अडकतो. पावसाळ्यात तर साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा असेल त्या दिवशी खडकांकडे फिरकूच नका, वांद्र्याला, वरळीला लाटा एका क्षणात भिंतीच्या वर येतात, आपण मोबाइलच्या स्क्रीनमध्ये डोळे घालून वाकलेलो असतो आणि पाठ समुद्राकडे असते. कोणी तरी सोबत असावं आणि त्याने फक्त समुद्राकडे बघावं.

पाठ समुद्राकडे करून वाकलेली बघितली की लोक थांबतात, विचारतात. खार दांड्याला एक कोळीण मावशी कालवं काढून परत येत होती, म्हणाली काय गो शोधतेस एवढं वाकून, तिला स्क्रीन दाखवला तर बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनेच सांगितलं की मेलेला मासा दगडावर पडला की हे पहिले हजर. बरोबरच आहे ते. लिजिया दगडावरचं बारीक शेवाळ आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा थर खरवडते, वाहून आलेली समुद्रशैवालं खाते, मेलेलं काहीही खाते, आणि तिला खेकडे, पक्षी, मासे खातात. एवढ्या घाणीतही तग धरते आणि अंगात जड धातू साठवते, म्हणून काही देशांत किनाऱ्याचं प्रदूषण मोजायला हिच्या जातभाईंचा वापर होतो. मुंबईच्या किनाऱ्याला तर याची गरज सगळ्यात जास्त आहे असं माझं ठाम मत.

कात टाकतानाचा फोटो मिळाला तर समजा पैसे वसूल. लिजिया, आणि तिच्यासारखे सगळेच आयसोपॉड, कात एकदम टाकत नाहीत, अर्धी अर्धी टाकतात. आधी मागचा अर्धा भाग, मग थोड्या काळाने पुढचा. त्या मधल्या वेळात प्राणी मधोमध दोन रंगांचा दिसतो, पुढून एक आणि मागून दुसरा, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं ही वेगळीच जात आहे. यात एक मोठी सोय आहे, कात टाकल्यावर कवच मऊ असतं आणि मऊ पायांनी पळता येत नाही, पण इथे कोणत्याही वेळी जवळपास निम्मे पाय तरी कामाचे असतात. दुसरी गोष्ट त्याहून भारी. कवचातलं कॅल्शिअम फेकून देणं परवडत नाही, त्यामुळे मागची कात टाकायच्या आधी ते रक्तातून पुढे आणलं जातं आणि पुढच्या भागाच्या पोटाखालच्या पट्ट्यांमध्ये साठवलं जातं, खालून बघितलं तर चक्क पांढरे डाग दिसतात. मागचं नवं कवच कडक करायला आणि मग पुढचं करायला ते परत वापरतात. टाकलेली कात बऱ्याचदा खाऊनही टाकतात, म्हणजे काहीच वाया नाही.

ते पांढरे डाग मी पारदर्शक डबीत बघितले. डबीत ओला दगड ठेवायचा, सावलीत धरायची, खालून लेन्स लावायची, दोन-तीन मिनिटांत काम आटपून ज्या फटीतून घेतली तिथेच सोडायची. उन्हात डबी ठेवलीत तर ती मरेल, आणि गोड्या पाण्याने ओलं करू नका, जवळचंच समुद्राचं पाणी घ्या. पाच सेंटिमीटरचं अंतर असल्यामुळे डबीचा तळ मधे येऊनही फोकस होतो, २५ एमएमच्या लेन्सने हे करायला गेलं की काच डबीवर घासते. मादी मिळाली तर पोटाखालची पिशवी दिसते, पायांच्या मुळाशी पातळ पातळ पाकळ्या एकमेकांवर आलेल्या असतात आणि आत पिवळसर अंडी. अशी मादी हातात घेऊच नका, डबीतसुद्धा नको, ती आपणहून भिंतीवर उभी चढलेली दिसली तर बाजूने काढा. पिशवीतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी नंतर कात टाकल्यावर येते, आणि ही पिल्लं इतकी छोटी असतात की १०० एमएमची लेन्स तिथे कमी पडते, हेही सांगायला हवं. पिल्लांचे पाय मोजायचे तर ५० एमएमची घ्या, अंतर निम्मं होईल पण मधला मार्ग आहे तो.

पिल्लांवरून आठवलं, लेन्समधून दिसणारं नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपलं हृदय आपल्या आपण ठोके देतं, ठोक्याची सुरुवात हृदयाच्या स्नायूतच होते. पूर्ण वाढलेल्या लिजियाचं तसं नाही, तिच्या हृदयाला ठोक्याचा हुकूम हृदयावरच्या मज्जापेशी देतात. पण पिल्लू असताना तिचंही हृदय आपल्यासारखंच, स्नायूच्या जोरावर चालतं, आणि वाढता वाढता कारभार मज्जापेशींकडे जातो. एकाच प्राण्याच्या आयुष्यात हृदयाची पद्धतच बदलते, आणि हेही जपानी प्रयोगशाळांमध्ये याच लिजिया एक्झॉटिकावर समजलंय. ज्या जिवाला आपण चप्पल मारायला धावतो त्याच्या अंगात हे चाललंय.

शाळा-कॉलेजात शिकवतात की समुद्रातले आयसोपॉड जमिनीवर कसे आले याची मधली पायरी म्हणजे लिजिया. दिसायला अगदी पटतं. पण अलीकडचे डीएनएचे अभ्यास असं सुचवतात की कुंडीतले आयसोपॉड आणि लिजिया यांचे पूर्वज कदाचित वेगवेगळ्या वेळी, आपापल्या वाटेने पाण्याबाहेर आले असावेत, म्हणजे लिजिया ही कोणाची पायरी नसून स्वतःची स्वतंत्र वाट असू शकते. मला हे दुसरं जास्त आवडतं.

लेन्सच्या तक्रारी आता, आणि त्या खऱ्या आहेत. पहिली, फोकसची खोली फार कमी. तीन सेंटिमीटरचा प्राणी तिरका बसला असेल तर डोळा स्पष्ट आणि मागच्या काड्या धूसर, पूर्ण प्राणी हवा तर त्याच्या अगदी बाजूने किंवा अगदी वरून काढावा लागतो, आणि वरून गेलं की तो पळतो. म्हणजे बाजूनेच. दुसरी, मोबाइलला दोन-तीन कॅमेरे असतील तर लेन्स लावल्यावर मोबाइल स्वतःहून दुसऱ्याच कॅमेऱ्यावर जातो आणि स्क्रीनवर काळं वर्तुळ येतं, सेटिंगमध्ये जाऊन आपोआप मॅक्रो बंद करा, मेन कॅमेरा पक्का करा आणि फोकस लॉक करा, मग मोबाइल पुढेमागे सरकवून फोकस साधा, बोटाने टॅप करत बसू नका. तिसरी, चिमटा जाड कव्हरवर बसत नाही, कव्हर काढावं लागतं, आणि खडकावर बिनकव्हरचा मोबाइल हातात धरणं हे धाकधुकीचं काम आहे, मनगटाला दोरी बांधाच. कडेला फोटो जरा मऊ येतो आणि रंगाची बारीक किनार दिसते, मधला भाग मात्र धारदार, मला तेवढं पुरतं. सीपीएल फिल्टर ओल्या खडकाची आणि ओल्या पाठीची चकाकी मस्त मारतो, ठिपके उठून दिसतात, पण प्रकाश कमी होतो, त्यामुळे सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी तो काढून ठेवलेला बरा, आणि पायांवरून चढणारं पाणी बघायचं असेल तेव्हा तर नकोच, कारण ती चकाकीच आपल्याला हवी असते.

चौथी तक्रार मुंबईची. खारी हवा. लेन्सची बॉडी टिकली पण चिमट्याच्या आतली स्प्रिंग आणि तो गोल स्क्रू यांना पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा धरला, मग आट्या कचकच करायला लागल्या. घरी आलं की ओल्या सुती कापडाने पुसायची, काच आधी ब्लोअरने झटकायची कारण मिठाचा कण कापडाखाली आला की ओरखडा पडतो, आणि सिलिका जेलच्या पुडीसकट डबीत ठेवायची. चिमटा सुटा शंभर-दीडशेला मिळतो, तो बदलला की झालं.

एकूण पाचातले चार. एक गुण चिमट्याचा आणि त्या कडेच्या धूसरपणाचा कापला. दागिने, नोटा, कापडाचं विणकाम असं जवळून बघायचं असेल तर ही लेन्स घेऊ नका, कमी एमएमची स्वस्त लेन्स जास्त मोठं दाखवेल. किनाऱ्यावरचे खेकडे, लिजिया, घरातल्या कुंडीवरचे कोळी, मुंग्या यांच्यासाठी हीच घ्या. घरात लहान मूल असेल तर नक्कीच, कारण अंतर जास्त असल्यामुळे मुलाला प्राण्याला हात न लावता, न घाबरवता बघायची सवय लागते. घेताना दुकानातच स्वतःच्या मोबाइलला लावून, काळं वर्तुळ येतं का ते बघा, आणि स्टीलच्या स्क्रूचा चिमटा मागून घ्या.